पाचव्या मजल्यावरची वाटी

तोंड मिटून बसली, तर उज्ज्वला हिंगेच्या पदरात बरंच काही पडणार होतं. घरातली हिरवी भिंत जाग्यावर राहणार होती. मागच्या गॅलरीत वॉशिंग मशीनच्या आड लपवलेली रंगाची जुनी बादली कुणाच्या नजरेस पडणार नव्हती. नवऱ्याचं ब्लडप्रेशर एकशेतीसच्या घरात राहणार होतं. शिवाय चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत मेथी अजून ताठ उभी आहे अशी दोनच घरं आणि त्यातलं एक आपलं, हे सुखही काही कमी नव्हतं. गेल्या आठवड्यात लिफ्टमध्ये तिला जेवढ्या जणांनी आपणहून नमस्कार केला, तेवढ्यांनी मुलीच्या लग्नातही केला नव्हता.

तोंड उघडलं तर एवढंच होणार होतं, की सातव्या मजल्यावरच्या कल्पनाचं नुकसान टळणार होतं. आणि कल्पना म्हणजे तिची धाकटी जाऊ, जिच्या घराशी उज्ज्वलाच्या घराचा सहा वर्षं बोलण्याचाही संबंध नव्हता.

रविवारी सकाळी दहा वाजता, सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून उज्ज्वला हा ताळा तिसऱ्यांदा मांडत होती. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं होतं, आणि तिन्ही वेळा ते तिला आवडलं नव्हतं.

दोन हजार एक्केचाळीस सालच्या चिंचवडमध्ये भिंत नाही असं घर दाखवायला अवघड झालं होतं. उन्हाळे असे काही तापायला लागले, की मार्चनंतर पालेभाजी मंडईत दिसली तर लोक तिचा फोटो काढायचे. मग कंपनीच्या भिंती आल्या. साडेतीनशे फुटांच्या घरात, पूर्वी जिथे शोकेस आणि त्यात न वापरलेला कपबशीचा सेट असायचा, तिथे सहा बाय आठ फुटांचा पांढरा पत्रा आणि त्यात दीडशे खिसे. प्रत्येक खिशात एक रोप. पानं खोलीकडे, मुळं मागच्या पोकळीत लोंबकळत. दर चार मिनिटांनी पोकळीत खतपाण्याचं धुकं सुटायचं, वर जांभळट दिवे जळायचे, आणि पंचवीस दिवसांत मेथी हाताशी यायची. खतपाण्याची टाकी गच्चीवर, सगळ्यांची मिळून एक. पाणी चाळीस घरांत उतरायचं, उरलेलं परत वर चढायचं, जंतू मारणाऱ्या दिव्याखालून जायचं आणि पुन्हा खाली.

या सगळ्यात माती कुठेच नव्हती. माती म्हणजे जंतू, आणि पाणी सामाईक असल्यामुळे एकाचे जंतू ते सगळ्यांचे. म्हणून करारात ठळक अक्षरांत लिहिलं होतं: घरात माती आणायची नाही, खिशात कंपनीच्या सीलबंद बियांशिवाय काही खोचायचं नाही, नाहीतर भिंत कायमची निघेल. चाळीसही घरांनी त्याखाली सही केली होती. त्यातल्या किती जणांनी ते वाचलं होतं हा प्रश्न वेगळा.

उज्ज्वलाने वाचलं होतं. वाचूनच तिने बादली वॉशिंग मशीनच्या मागे सरकवली होती.

बादलीत अळू होतं. जुनी इमारत पाडली तेव्हा तिच्या मागच्या मोरीपाशी आपोआप वाढलेल्या अळवाचे चार कंद तिने मातीसकट उचलून आणले होते. कडेला थोडी जागा शिल्लक दिसली म्हणून पुदिना खोचला. जागा शिल्लक दिसली की उज्ज्वलाला चैन पडत नसे.

नवी इमारत उभी राहिली तेव्हाच उज्ज्वला-कल्पनाच्या नवऱ्यांचं, भावाभावांचं, बिनसलं. घरांची सोडत होती. धाकटा सुहास त्या दिवशी कंपनीच्या शिफ्टवर. त्याची चिठ्ठी थोरल्या विलासने उचलली. विलासला चौथ्या मजल्यावरचं पूर्वेचं घर लागलं आणि सुहासला सातव्यावरचं, खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची टाकी असलेलं. "दोन्ही चिठ्ठ्या तुझ्याच हातात होत्या ना दादा?" एवढंच सुहास म्हणाला. "म्हणजे मी अदलाबदल केली म्हणतोस?" एवढंच विलास म्हणाला. त्यानंतर सहा वर्षं दोघं काहीच म्हणाले नाहीत. पुढे भिंती आल्या, दिव्यावर शेती व्हायला लागली, उन्हाला कुणी विचारेना. पण भांडण उन्हाचं होतं म्हणून ते सोडून द्यावं, असं कुणाला सुचलं नाही.

बायकांना मात्र हे परवडण्यासारखं नव्हतं. पहिल्याच श्रावणात उज्ज्वलाने अळूचं फदफदं केलं आणि वाढताना हात सवयीने दुसऱ्या वाटीकडे गेला. कल्पना लग्न होऊन आली तेव्हापासून हे फदफदं दोघींनी एका पातेल्यातून वाढून घेतलेलं. दुपारी पावणेतीनला, पुरुषमंडळी आडवी झाल्यावर, तिने वाटी झाकली आणि पाचव्या मजल्यावर आग विझवायच्या नळीची जी लाल पेटी असते, तिच्यात नेऊन ठेवली. कल्पनाला मेसेज एकच: "पेटी बघ." वयाचा मान राखून कल्पना दोन जिने उतरली; उज्ज्वला एक चढली होती.

आता वाटी आली म्हणजे ती रिकामी परत करायची नाही. कल्पनाने चटणी घालून परत केली. त्यावर उज्ज्वलाने वाटीबरोबर पुदिना दिला, मुळासकट. त्यावर कल्पनाने कोथिंबीर दिली, मुळासकट. हे सहा वर्षं थांबलं नाही, कारण दरवेळी वाटी कुणाच्या तरी घरात असायची आणि ती भरून द्यायची बाकी असायची.

आणि खरी गोम इथेच होती. पानं खुडून झाल्यावर हातात जी मुळं उरायची, ती ओल्या कचऱ्यात टाकायला दोघींचाही हात धजत नसे. जिवंत दिसतंय, फुटेल की! भिंतीत एखादा खिसा रिकामा असायचाच. मुळं धुवायची, म्हणजे नळाखाली धरल्यासारखं करायची, आणि खोचून द्यायची. कराराला चार वर्षं झाली होती. चार वर्षांत दोघींनी मिळून करार किती वेळा मोडला, ते त्या पुदिन्यालाच ठाऊक.

त्या जूनमध्ये भिंती सडायला लागल्या. आधी अकराव्या मजल्यावरचा पालक मान टाकून बसला. मागचा पत्रा काढून बघितला तर मुळं तपकिरी, चिकट, वास असा की बिऱ्हाड जेवायचं सोडून उठलं. आठ दिवसांत अडतीस घरं गेली. सेक्रेटरी गोळे वही घेऊन प्रत्येक घरी फिरले आणि त्यांना दिसलं, की दोनच भिंती धडधाकट आहेत. चारशे दोन आणि सातशे तीन.

चारशे दोनवाल्या विलास हिंगेंशी गोळ्यांचं सकाळी फिरायला जाणं होतं. सातशे तीनमधून मात्र रोज सकाळी पाल्याचे डबे बाहेर पडताना ते बघत आले होते. सुहासची नोकरी दोन वर्षांपूर्वी सुटली होती आणि कल्पना भिंतीवरचा कोवळा पाला तीस ऑफिसांच्या डब्यांना पुरवून घर चालवत होती. गोळ्यांनी दोन अधिक दोन केले आणि नोटीस लावली: "सातशे तीन यांनी धंद्यासाठी पाण्यात औषध टाकल्याचा संशय. पाण्याची लाइन कायमची तोडण्याबाबत रविवारी सभा."

शुक्रवारी पावणेतीनला दोघी लाल पेटीपाशी भेटल्या. सहसा भेटत नसत. वाटीच काय ते बोलायची.

"काय टाकलंस गं पाण्यात?" उज्ज्वलाने विचारलं.

"ताई, मी तुरटीसुद्धा टाकली नाही. तुम्ही काय टाकलंत?"

"मी कशाला काय टाकू?"

मग एकदमच दोघींचं लक्ष वाटीवर ठेवलेल्या पुदिन्याच्या जुडीकडे गेलं. मुळांना बादलीतली माती चिकटलेली होती, काळी, साखरेच्या दाण्याएवढी.

"त्या कंपनीच्या बाई परवा मुळं कापून घेऊन गेल्या," कल्पना हळूच म्हणाली. "तुमच्याकडचीही नेली ना?"

"नेली."

"तुम्ही काही बोलू नका हं. भाऊजींना कळलं तर वाटी बंद होईल."

लाइन तुटली तर हिचं घर बंद होईल, आणि हिला पडलीय वाटीची, असं उज्ज्वलाच्या मनात आलं. वाटी पदराआड घेऊन ती खाली उतरली.

रविवारच्या सभेला अडतीस घरांचे लोक आले होते, ते सगळे वैतागलेले. तीन आठवडे बाजारची सुकलेली गवार खाऊन माणसाचा स्वभाव बदलतो. हिंगे बंधू दोन टोकांना बसले होते. कंपनीकडून ईशिता भोयर आली होती, नागपूरची, तिशीच्या आतली, पाठीवर मुळं तपासायच्या यंत्राची हेल्मेटच्या आकाराची पेटी.

"लाइन तोडायची ना? हात वर करा," गोळ्यांनी सुरुवातच तिथून केली.

"थांबा ना काका," ईशिता म्हणाली. "औषधबिषध काही नाही. मी मुळं तपासली आहेत. आधी ऐकून तर घ्या."

तिने सांगितलं ते असं. मातीतल्या मुळावर हजारो जातींचे जीवाणू वस्तीला असतात. भिंतीतलं मूळ स्वच्छ, त्यावर कुणीच नाही. "म्हणजे कसं, पंगत मांडलीय, पानं वाढलीत, आणि बसायला माणूस नाही. अशात जो पहिला घुसेल तो सगळं खाऊन जाईल. ही बुरशी तशी घुसली. गच्चीवरच्या दिव्याने बाकी सगळं मरतं, पण हिच्या बीजाला जाड कवच असतं. ते पाण्यातून जिवंत निघालं आणि घरोघर उतरलं. चूक आमच्या दिव्याची आहे, तसं मी वर लिहून कळवलंय."

"मग यांच्या दोन घरांत का नाही उतरलं?"

"उतरलं ना. पण तिथे पंगत आधीच बसलेली होती." तिने पेटीवरचा स्क्रीन सगळ्यांकडे वळवला. दोन मुळांचे मोठे केलेले फोटो. दोन्हींवर साय धरावी तसा पातळ थर. "हा मातीतला जीवाणू आहे. मुळावर असा पसरतो, आणि पाण्यातलं लोह आधीच बांधून ठेवतो. बुरशी आली तर तिच्या वाट्याला काही उरत नाही. उपाशी मरते. मी तर म्हणते, हाच जीवाणू मिळाला तर तुमची अडतीस घरं महिन्याभरात हिरवी होतील."

सभेत पहिल्यांदाच जरा बरं वाटल्यासारखी चुळबुळ झाली.

"म्हणजे यांनी माती आणली!" गोळ्यांनी पुन्हा दोरी आपल्या हातात घेतली. "माती आणली की भिंत कायमची काढायची, करारात आहे. कुणी आणली?"

"आमच्या घरात मातीचा कण नाही," सुहास उठून म्हणाला. "चला, आत्ता चला बघायला."

"आमच्याकडेही नाही," दुसऱ्या टोकाहून विलास म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं. ज्या घरात नवरा वॉशिंग मशीनच्या मागे डोकावतो, ते घर अजून बांधलं जायचं आहे.

"गंमत पाहा ना," ईशिता आपल्याच नादात बोलत होती, "दोन्हीकडे एकाच वंशावळीचे आहेत. पिढ्या जुळतात. दिव्याखालून हे जिवंत जात नाहीत, म्हणजे पाण्यातून गेले नाहीत. हातातून गेले. आणि एकदा नाही हो, चार वर्षं, दर आठ-दहा दिवसांनी ये-जा सुरू आहे. चौथ्यावरून सातव्यावर, सातव्यावरून चौथ्यावर. या दोन घरांचं फारच घट्ट दिसतं."

पहिल्या रांगेने मागे वळून आधी एका टोकाच्या हिंग्यांकडे बघितलं, मग दुसऱ्या टोकाच्या.

"अहो बाई," गोळे म्हणाले, "या दोन घरांत सहा वर्षं बोलणं नाही."

"बोलण्याचं माझ्या मशीनला कळत नाही, काका."

विलासने बायकोकडे बघितलं. सुहासने आपल्या बायकोकडे बघितलं. आणि कल्पना उठून उभी राहिली.

"माती माझ्याकडे होती," ती म्हणाली. "एका कुंडीत. मी ती टाकून दिली. चारशे दोनचा काही संबंध नाही. जिन्यातून जाता-येता काही सांडलं असेल तर माहीत नाही. काय करायचं ते माझं करा."

झालं. उज्ज्वलाच्या ताळ्यात जे जे मिळवायचं होतं ते सगळं न मागता तिच्या पुढ्यात येऊन पडलं होतं. भिंत, बादली, नवऱ्याचं ब्लडप्रेशर. दुसऱ्याच्या खर्चाने. आता फक्त गप्प बसायचं, आणि गप्प बसायला काही पडत नाही.

"खोटं बोलतेय ती," उज्ज्वला उठली. "माती माझी आहे. आणि टाकून दिली म्हणे! ती बया कोथिंबिरीचं मूळ टाकून देत नाही, माती कुठून टाकणार?"

"ताई, बसा ना तुम्ही."

"तू बस. बादली आहे माझ्याकडे, अळवाची. मी हिला वाटी देते, ही मला वाटी देते. सहा वर्षं. बोलणं बंद होतं ते या दोघांचं. आमच्या दोघींचं कुणी बंद केलं होतं?"

"अगं..." विलास म्हणाला, आणि पुढचा शब्द त्याला सापडला नाही.

गोळ्यांना मात्र सापडला. "म्हणजे दोन्ही भिंती काढायला लागतील."

"काढा," उज्ज्वला म्हणाली. सतरा वर्षं तिने शाळेच्या ऑफिसात फीच्या पावत्या फाडल्या होत्या. समोरच्याला काय हवंय ते तिला काउंटरच्या अलीकडून दिसत असे. "खुशाल काढा. मग बादली घरात ठेवून मी काय करू? आत्ताच खाली आणते आणि कॉर्पोरेशनच्या गाडीत घालते. माती ठेवायची नाही ना?"

अडतीस घरांच्या माना गोळ्यांकडे वळल्या. पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "ओ गोळे, काय करताय?" मागून एक आजी ओरडल्या, "गोळे, मला मेथी पाहिजे!"

"काकू, ती बादली टाकू नका हो!" ईशिता जवळजवळ किंचाळलीच.

"नाही टाकत. आधी दोन ओळी लिहून दे. सातशे तीनची भिंत निघणार नाही, चारशे दोनची निघणार नाही, आणि कल्पनाची लाइन तोडायची नोटीस गोळे स्वतःच्या हाताने काढतील. सही करून दे, मग बादली दाखवते."

ईशिताने फोनवर वरच्या साहेबांना विचारलं. साहेबांना बुरशी पिंपरीत आणखी दोन इमारतींत पोचल्याचं तासाभरापूर्वीच कळलं होतं, त्यामुळे त्यांनी फार विचार केला नाही. सही झाली. गोळ्यांनी नोटीस काढली आणि घडी घालून खिशात ठेवली. टाकून द्यायला त्यांचाही हात धजला नाही.

घरी आल्यावर विलास बराच वेळ भिंतीसमोर बसून राहिला. उज्ज्वलाने चहा ठेवला आणि ब्लडप्रेशरचं यंत्र हाताशी काढून ठेवलं.

"ती लसणाची चटणी," तो म्हणाला.

"कल्पनाची."

"मी म्हणायचो तुझा हात सुधारला म्हणून."

"ऐकलंय मी."

"कोथिंबीर वडी?"

"तिचीच. तळायची मी."

उज्ज्वला मनातल्या मनात आकडे मोजत होती. दीडशेच्या वर गेलं तर डॉक्टर.

"आणि आपलं काय जायचं त्याच्याकडे?"

"फदफदं. दोनदा मागून घेतात म्हणे भाऊजी."

"सुहास? अळू?" विलासने पहिल्यांदा मान वळवली. "लहानपणी त्याचा घसा खवखवायचा अळवाने. आई त्याला वेगळं वरण करायची."

"माहितेय. म्हणून मी चिंच जास्त घालते."

विलासने चहा घेतला. कप खाली ठेवताना तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "तरीच. मला वाटायचं तुला आंबट आवडायला लागलंय."

यंत्र लावलं. एकशे अठ्ठावीस. उज्ज्वलाने पट्टा सोडला आणि इतका लांब श्वास टाकला, की भिंतीवरची मेथी हलली.

दुसऱ्या दिवशी ईशिताने चमचाभर माती काचेच्या नळीत घातली. तिच्यातून कंपनी जीवाणू वाढवणार होती. पण त्याला तीन आठवडे लागणार होते, आणि तेवढा धीर कुणाला होता? मुळं धुऊन तीच माती खिशाखिशात चोळली तरी चालेल, असं ती बोलून गेली मात्र, चौथ्या मजल्यावर रांग लागली. अडतीस घरं, अडतीस वाट्या. उज्ज्वला चमच्याने माती वाढत होती आणि प्रत्येकाला बजावत होती, "जपून हं, साखर नाही ती." पाचव्या दिवशी अकराव्या मजल्यावर पांढरी मुळं फुटली. तिसाव्या दिवशी गोळ्यांच्या घरून तव्यावरच्या मेथीचा वास खालपर्यंत आला.

आता हिशोब. कंपनीला फुकटात जीवाणू मिळाला आणि करारातली एक ओळ खोडावी लागली. इमारतीला भाजी मिळाली. कल्पनाची ऑफिसं तीसची बेचाळीस झाली. गोळ्यांचं काहीच गेलं नाही, तसं त्यांचं कधी जात नसे. खर्ची पडली ती एका बाईची दुपारी पावणेतीनची चोरी. आता वाटी लिफ्टने उघड जायची, आणि उघड जाणाऱ्या वाटीला ती मजा नसते. आणि पडलं ते अळू. चमचा चमचा करत सगळी माती गेली, बादलीच्या तळाशी कंद उघडे पडले आणि एकेक करून सुकले. अडतीस वाट्या भरून गेल्या. माती घेतलेली वाटी भरून परत करायची असते हे एकाही घराला आठवलं नाही.

त्यानंतर एका रविवारी दार वाजलं. विलासने उघडलं. बाहेर सुहास उभा होता, हातात वाटी. वाटीत ओली काळी माती आणि त्यात अळवाचा एक कंद, टोकाला हिरवा कोंब.

"कल्पनाने तुमच्याच कंदाचा तुकडा खोचून ठेवला होता," सुहास खाली बघत म्हणाला. "टाकला नव्हता."

विलासने वाटी घेतली. दोन्ही हातांनी. "टाकी आहे का अजून तुझ्या खिडकीसमोर?"

"आहे."

"मी चिठ्ठ्या बदलल्या नव्हत्या, सुहास."

"माहितेय दादा. कबूल करायलाच उशीर झाला."

सुहास जायला वळला, तसा विलास स्वयंपाकघराकडे बघून ओरडला, "अगं, चिंच जास्त घातलेलं काही आहे का घरात? वाटी द्यायचीय याची!"

तेव्हा दोन्ही हिंग्यांचं सगळं फिटलं, चारशे दोनकडची एक वाटी तेवढी बाकी राहिली.